कासव पाळायचंय? आधी त्याचं घर लावा, मग त्याला आणा

फिश टँकच्या दुकानात हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटंसं कासव बघितलं की मुलं हट्ट धरतात आणि काही शे रुपयांत ते मिळतं पण, सोबत प्लॅस्टिकचं ते छोटं खोकं ज्यात एक नारळाचं खोटं झाड असतं. दुकानदार सांगतो की याला काही लागत नाही, दोन दाणे टाकायचे. हे खरं नाही. ते कासव नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, मादी असेल तर दहा ते बारा इंच वाढते म्हणजे जेवायच्या ताटाएवढी, आणि त्या खोक्यात ठेवलं तर बहुतेक वेळा वर्ष पण काढत नाही. आमच्याकडची टिकली, म्हणजे आमचं कासव, आता चांगली मोठी झालीये, तिच्यामुळे जे काही शिकायला मिळालं आणि कासववाल्या मित्रमंडळींकडून, डॉक्टरांकडून जे कळलं ते पुण्याच्या हवापाण्याच्या हिशोबाने इथे लिहिते. नवीन लोकांनी क्रमाने वाचा, उलटा क्रम करू नका, म्हणजे कासव आधी आणि टँक नंतर असं नको.

पायरी १: कोणतं कासव ते आधी ठरवा (हे सगळ्यात महत्त्वाचं)

आपल्याकडची कुठलीच देशी कासवं घरी पाळता येत नाहीत. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव, नदी-विहिरीत सापडणारं मऊ पाठीचं कासव, छपरासारखी उभट पाठ असलेलं कासव, ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्यासाठी कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास आणि वर किमान २५ हजार दंड आहे. कुणी म्हणालं की स्टार कासव घरात लक्ष्मी आणतं, आपल्या ओळखीच्या माणसाकडे आहे, तर हात जोडून नाही म्हणा. ती पिल्लं जंगलातून पोत्यात भरून येतात, अर्धी वाटेत मरतात. वास्तूसाठीच पाहिजे असेल तर तांबट आळी नाहीतर तुळशीबागेत पितळेचं सुंदर कासव मिळतं, पाण्याच्या वाटीत ठेवायचं, झालं.

घरोघरी जे दिसतं ते लाल कानाचं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. या लेखात पुढे जे काही आहे ते याच कासवाबद्दल. घ्यायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की दुकानातून पिल्लू आणू नका, ज्यांच्याकडे मोठं झालंय आणि सांभाळायला जमत नाहीये अशा कुणाकडून घ्या, पुण्यात असे लोक भरपूर आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी सापडतात. मोठं कासव पिल्लापेक्षा चिवट असतं आणि बऱ्याचदा टँक-फिल्टर सगळं सोबत मिळतं.

पायरी २: टँक

ढोबळ हिशोब असा की कासवाच्या पाठीच्या प्रत्येक इंचाला साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे चार इंचाच्या कासवाला १६० लिटर आणि दहा इंचाच्या मादीला ४०० लिटर. आकडा बघून दचकायला होतं पण काचेचाच टँक पाहिजे असं काही नाही, प्लॅस्टिकचा मोठा टब चालतो, कापलेली सिंटेक्सची टाकी चालते, गॅलरीत विटांचा छोटा हौद बांधलेले लोक पण आहेत. पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या दीड-दोन पट तरी पाहिजे, कारण उलटं पडलं तर सरळ व्हायला तेवढी जागा लागते, आणि मुळात हे पोहणारं कासव आहे, घोट्याएवढ्या पाण्यात बसणारं नाही.

वजनाचा विचार करा. १६० लिटर म्हणजे नुसतं पाणीच १६० किलो, वर काच आणि दगड. भिंतीला लागून, मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवा, पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी माडीवर राहत असाल तर मोठा टँक खालीच ठेवा.

तळाशी बारीक रंगीत खडी अजिबात टाकू नका, कासव ती गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवला तर साफ करायला पण सोपं जातं. शोभा पाहिजेच असेल तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे टाका.

मग पाण्याबाहेर येऊन बसायला कोरडी जागा. हिच्याशिवाय टँक अपुरा आहे. कासवाला अख्खं अंग पाण्याबाहेर काढून पूर्ण वाळता आलं पाहिजे, नाहीतर पाठीवर बुरशी धरते. विटा रचा, लाकडाचा ओंडका ठेवा, फरशीचा तुकडा उतरता लावा, काही पण करा पण चढायला चढण खरखरीत असू द्या आणि कासवाचं वजन घेऊन ती जागा हलता कामा नये. वाढत्या कासवाला तरंगते प्लॅटफॉर्म लवकरच पुरत नाहीत, वर चढलं की ते बुडतात.

पायरी ३: उष्णता आणि ऊन

कासवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. पोटातलं अन्न पचायला पण बाहेरून ऊब लागते. पाणी २४ ते २८ अंश, पिल्लांना त्यातल्या वरच्या बाजूला, आणि बसायची जागा ३० ते ३५ अंश. अंदाजाने नको, साधा थर्मामीटर पाण्यात लावा.

पुण्यात उन्हाळ्यात हीटर लागतच नाही, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि सकाळी टँकचं पाणी हाताला गार लागतं. अशा पाण्यात कासव सुस्त होतं, खात नाही, आणि घरचे म्हणतात की झोपलंय, थंडीत झोपतातच ना. घरात अर्धवट गार पाण्यात बसलेलं कासव शीतनिद्रेत नसतं, ते आजारी पडायच्या वाटेवर असतं, सर्दी होऊन न्यूमोनिया होतो. दिवाळीनंतर लगेच हीटर लावून टाका, साधारण एका लिटरला एक वॅट या हिशोबाने, आणि त्याला जाळीचं प्लॅस्टिकचं कव्हर पाहिजेच कारण कासव धडक मारून काचेचा हीटर फोडतं. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा, थोडा वेळ थांबा, मगच पाणी काढा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो.

आता ऊन. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम हाडात आणि कवचात जातं. हे नसेल तर कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात, आणि एकदा वाकडं झालेलं पूर्ण सरळ होत नाही. सगळ्यांचा गैरसमज असतो की टँक खिडकीपाशी आहे, ऊन येतं, बास. पण खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, आत येते फक्त उष्णता. त्यामुळे दोनच मार्ग, एक तर थेट ऊन नाहीतर यूव्हीबी बल्ब, आणि माझ्या मते पुण्यात दोन्ही ठेवा कारण जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा ऊन दिसत नाही.

बल्ब बसायच्या जागेच्या वर साधारण २०-३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, रोज १० ते १२ तास, रात्री पूर्ण अंधार. टायमर लावला की लक्षात ठेवायची कटकट संपते. बल्ब पेटत असला तरी त्यातलं यूव्हीबी हळूहळू संपतं, म्हणून सहा महिने ते वर्षात बदलायचा, बल्बवर मार्करने तारीख लिहून ठेवा. उबेसाठी वेगळा उष्णता देणारा बल्ब लागतो, त्याला चिनी मातीचा होल्डर घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. साध्या एलईडीने ना ऊब मिळते ना यूव्हीबी.

ऊन द्यायचं तर सकाळी नऊच्या आसपास गॅलरीत टबात अर्धा तास, टबाचा अर्धा भाग सावलीत, आणि वर जाळी. जाळी विसरू नका, आपल्याकडे घारी आणि कावळे टपूनच असतात आणि मांजर पण. मार्च ते मे दुपारच्या उन्हात काचेचा टँक कधीच ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते.

सगळं नीट जमलं की कसं कळतं? कासव दगडावर चढून मान लांब काढतं, मागचे दोन्ही पाय मागे ताणतं, बोटं पसरतं म्हणजे मधला पडदा दिसतो, आणि डोळे मिटून पडून राहतं. टिकली अशी पडली की मला फार समाधान वाटतं. काही वेळा पाठीवरच्या तुकड्यांचे पातळ पारदर्शक पापुद्रे सुटतात, घाबरू नका, ते वाढीचं लक्षण आहे, फक्त ओढून काढू नका.

पायरी ४: पाणी

कासव जिथे खातं तिथेच घाण करतं आणि माशापेक्षा कितीतरी जास्त करतं. त्यामुळे फिल्टर घेताना टँकच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला घ्या, परवडत असेल तर बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर. माशांच्या छोट्या टँकमधला स्पंजवाला फिल्टर पिल्लालाच जेमतेम पुरतो. आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं एकदम नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुऊ नका, टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घ्या, कारण घाण पचवणारे चांगले जिवाणू त्या स्पंजमध्येच असतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात.

महापालिकेच्या पाण्याला क्लोरीन असतं. पिंपात किंवा बादल्यांत पाणी भरून २४ तास उघडं ठेवा, नाहीतर क्लोरीन घालवायचं औषध मिळतं त्याचे थेंब टाका. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं अधूनमधून, आणि दुसऱ्या दिवशी कमी दाबाने, गढूळ येतं, म्हणून पाणी बदलायचा वार रविवार-सोमवार ठेवा. पाणी कमी असेल तर काढलेलं पाणी झाडांना घाला, कुंड्यांना ते फार मानवतं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात, कासवाला त्याने लगेच काही होत नाही.

नळी लावून पाणी काढताना तोंडाने ओढू नका, नळी आधी पाण्याने भरून घ्या. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, कासव ठणठणीत दिसत असलं तरी. अमेरिकेत मुलं आजारी पडायला लागली म्हणून १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी आहे. हात लावून झालं की साबणाने हात धुवा, टँकचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच धुऊ नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नका. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर आणखी काळजी.

पायरी ५: खाणं

कासव पाण्यातच गिळतं, म्हणून खाणं पाण्यात टाकायचं. पिल्लांना रोज, मोठ्यांना एक दिवसाआड. पेलेट्स, म्हणजे कासवाच्या खाण्याचे तयार दाणे, किती तर त्याच्या डोक्यात मावतील एवढेच. ते भीक मागतं, काचेवर पाय आपटतं, मान वर करून बघतं, पण बळी पडू नका, जास्त खाऊन कासव लठ्ठ होतं आणि पाणी लगेच नासतं.

पिल्लू मांसाहारी जास्त असतं आणि मोठं होत जातं तसं पालेभाजीकडे वळतं. त्यामुळे:

सुरुवातीला चांगले कासवाचे पेलेट्स, सोबत कधी छोटी ताजी कोळंबी सालासकट, कधी स्वच्छ मातीतलं गांडूळ. डबीत मिळणारे वाळलेले लाल-तपकिरी झिंगे हे मुख्य जेवण नाही, त्याच्यावरच वाढवलेली कासवं पुढे हाडांच्या तक्रारी घेऊन येतात.

मोठं झालं की लेट्यूस, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. गाजर-भोपळ्याने अ जीवनसत्त्व मिळतं, ते कमी पडलं की डोळे सुजतात आणि चिकटतात. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. नदीतली जलपर्णी तोडून आणू नका, मुळा-मुठेच्या पाण्यात काय काय असतं आपल्याला माहीत आहे.

भात, पोळी, ब्रेड, दूध, फरसाण, मीठ लावलेली सुकट, यातलं काहीही नाही. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा टाकते, तिला समजावून सांगा आणि तिच्याच हातात पेलेट्सची डबी द्या.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस मिळतो, पक्ष्यांच्या दुकानात किंवा आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात, त्याची मागची कडक बाजू तासून काढायची आणि तुकडा पाण्यात सोडायचा. कासव हवं तेव्हा कुरतडतं.

शाकाहारी घर असेल तर एक गोष्ट आधीच बोलून घ्या, पेलेट्समध्ये माशाची भुकटी असते आणि पिल्लाला प्राणिज अन्नाशिवाय वाढवता येत नाही. हे घरात चालणार नसेल तर कासव आणू नका, नंतर भांडणं होतात आणि हाल कासवाचे होतात.

पायरी ६: आणल्यावरचे पहिले दिवस आणि रोजचं लक्ष

आणलं की टँकमध्ये सोडा आणि सोडून द्या. दोन-चार दिवस खाल्लं नाही तरी चालतं, नवीन जागा आहे. पाहुण्यांना दाखवायला सारखं उचलू नका, कासवाला कुरवाळलेलं आवडतं असं नाही. उचलायचंच तर दोन्ही हातांनी पाठीच्या बाजूंना धरून, खाली गादी किंवा जमिनीजवळ, कारण ते पाय मारतं आणि हातातून निसटतं. पाठीवर रंग, ऑइलपेंट, स्टिकर, मोत्यांची माळ काही नको. टँकच्या खोलीत डासांची कॉइल नको, धूप-अगरबत्ती जरा लांब, आणि पेस्ट कंट्रोलच्या दिवशी कासव दुसऱ्या घरी. मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर त्या दिवसांत टँक मागच्या खोलीत असलेला बरा, ढोल आणि स्पीकरने काच थरथरते.

एकटं आहे म्हणून जोडीदार आणू नका. कासवं एकटी मजेत राहतात, दोन ठेवली की जागेवरून चावाचावी होते. नर ओळखायला पुढची नखं लांब आणि शेपूट लांब-जाड. मादी नर नसताना पण अंडी घालते, त्यातून पिल्लं येत नाहीत पण अंडी घालायला माती लागते. मोठी मादी अचानक खायची थांबली, अस्वस्थ होऊन काच खरवडायला लागली, मागच्या पायांनी उकरल्यासारखं करायला लागली तर मोठ्या टबात आठ-दहा इंच ओलसर माती-वाळू भरून तिला त्यात ठेवा. अंडी आत अडकली तर जिवावर बेततं.

डॉक्टरकडे लगेच जायची लक्षणं: पोहताना एका बाजूला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, डोळे सुजणं, कवचावर मऊ किंवा वास येणारा डाग, दाबल्यावर कवच मऊ लागणं. एका बाजूला कललेलं कासव बघून हसू येतं पण तो फुफ्फुसाचा संसर्ग असू शकतो. सगळे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कासव बघत नाहीत, म्हणून आजारी पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा की एक्झॉटिक प्राणी कोण बघतं. नेताना पाण्यात बुडवून नेऊ नका, ओल्या टॉवेलवर भोकं पाडलेल्या खोक्यात न्या. माणसांची अँटिबायोटिक घरी देऊ नका.

गावाला जाताना: मोठं कासव फिल्टर आणि लाइट चालू असतील तर चार दिवस उपाशी राहू शकतं, पिल्लू नाही. शेजाऱ्यांना एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या, डबी देऊ नका, प्रेमाने दुप्पट टाकतात.

पायरी ७: सांभाळणं जमेनासं झालं तर

होतं असं, बदली होते, घर लहान पडतं. पण पाषाण तलावात, कात्रजला, नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडायचं नाही. पुण्य लागेल म्हणून सोडणारे लोक भेटतात, त्यांना सांगा की हे परदेशी कासव आहे, जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत याचं नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच याची आयात बंद केली. आपल्या तळ्यातल्या देशी कासवांची ऊन खायची जागा, खाणं सगळं ते बळकावतं आणि रोग पण देतं.

ओळखीत, सोसायटीत, कासव पाळणाऱ्या लोकांत विचारा, घाई करू नका. आणि तुमच्या कासवाशी संबंध नसलेलं, म्हणजे रस्त्यात, विहिरीत, बांधकामावर देशी कासव सापडलं तर घरी न आणता वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आपलं लाल कानाचं दुसऱ्याला देताना टँक, फिल्टर, हीटर, राहिलेले पेलेट्स सगळं सोबत द्या, ते काय खातं काय नाही ते कागदावर लिहून द्या, आणि यूव्हीबी बल्ब कधी बदललाय ती तारीख सांगा.